तुऱ्याचे आठ दिवस

बालाघाटची डोंगररांग बीड जिल्ह्यातून आडवी गेली असून तिने या जिल्ह्याचे दोन असमान प्रांत केले आहेत: उत्तरेस गोदाकाठची गेवराई, माजलगाव आणि परळीकडील काळीभोर गंगथडी, जिथली जमीन भारी, ओलावा धरून ठेवणारी आणि सावकाराच्याही डोळ्यांत भरणारी, आणि दक्षिणेस व पश्चिमेस आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर या तालुक्यांतून पसरलेला उंच, मुरमाड, हलक्या जमिनीचा पट्टा, जिथे नांगराचा फाळ वीतभर खाली गेला की खडकावर वाजू लागतो. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यांतले पाणी सह्याद्रीने अगोदरच उतरवून घेतलेले असते, त्यामुळे घाट ओलांडून जे ढग या मुलखावर येतात त्यांच्यापाशी देण्यासारखे फारसे उरलेले नसते. वर्षाची सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरांच्या दरम्यान. आणि तीसुद्धा सरासरीच, म्हणजे एखाद्या वर्षी तिच्या निम्मी आणि एखाद्या वर्षी तिच्या दीडपट असलेल्या आकड्यांचा कागदावर घडवून आणलेला समेट.

अशा या मुलखात मका हे काही कुलपरंपरेने आलेले पीक नव्हे. खरिपाची बाजरी, रब्बीची ज्वारी आणि त्यांच्या पाटातून तूर, मूग, उडीद, मटकी हा इथला जुना संसार होता. २००२ नंतर बीटी कापसाने आणि त्याच्या मागोमाग सोयाबीनने त्या संसाराची मांडणी पार बदलून टाकली. मराठवाड्यातील मक्याचे खरे माहेर पाहायचे असेल तर सिल्लोड, कन्नड, भोकरदन या बाजूला गेले पाहिजे. बीडमध्ये तो मुख्यतः पश्चिमेकडील तालुक्यांत, दुभत्या जनावरांच्या पावलांवर पाऊल टाकून, प्रथम हिरव्या वैरणीसाठी आणि पुढे धान्यासाठी आला. तरीही हवामानबदलाच्या या विवेचनासाठी सिल्लोडचा मका सोडून बीडचाच मका घेतला आहे. कारण पीक जिथे सुखवस्तू असते तिथे हवामानाचा धक्का उत्पन्नाच्या आकड्यांत विरघळून जातो, आणि ते जिथे अगदी काठावर उभे असते तिथेच तो धक्का कोणत्या दिशेने व कोणत्या दिवशी येतो हे उघड्या डोळ्यांनी दिसते. शिवाय इथला मका बहुतेक दोन-तीन एकरांच्या धन्याचा आहे. शासकीय परिभाषेत एक हेक्टरच्या आतला शेतकरी अत्यल्पभूधारक आणि दोन हेक्टरच्या आतला अल्पभूधारक. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणाच अवघी १.३४ हेक्टर आहे, तेव्हा ही अल्पसंख्याकांची गोष्ट आहे असे कोणी समजू नये.

प्रथम या वनस्पतीचा स्वभाव समजून घेऊ. मक्याचा जन्म मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी, तेओसिंते नावाच्या रानगवतातून झाला. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर तो अटलांटिक ओलांडून जुन्या जगात आला आणि हिंदुस्थानात पोर्तुगिजांच्या गलबतांबरोबर उतरला, असे सामान्यतः मानले जाते. नऊ सहस्रकांच्या सहवासात माणसाने त्याला इतके परावलंबी करून टाकले आहे की सोललेल्या कणसातला दाणा आपण होऊन जमिनीवर पडत नाही. पण त्याच सहवासाने त्याला अलौकिक उत्पादकताही दिली आहे. ऊन आणि पाणी वेळेवर मिळाले तर शंभर-एकशेदहा दिवसांत मका जेवढे अन्न आणि जेवढी वैरण निर्माण करतो तेवढी करणारे तृणधान्य दुसरे क्वचितच सापडेल. त्याला लागणारे पाणी, संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे, हंगामाला पाचशे ते आठशे मिलिमीटर. हा आकडा बीडच्या सरासरीशेजारी मांडून पाहिला तर कचेरीत बसलेल्या कोणाही माणसाला वाटेल की तंगी आहे, पण निभाव लागण्यासारखी आहे.

इथेच सरासरी माणसाला फसवते. मक्याला पाणी किती मिळाले याच्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते कोणत्या पंधरवड्यात मिळाले हा प्रश्न जिव्हाळ्याचा असतो, कारण या वनस्पतीने आपला नर आणि आपली मादी एकाच ताटावर परंतु एकमेकांपासून हात-दीड हात अंतरावर ठेवलेली आहेत. शेंड्यावरचा तुरा परागकण सोडतो. मधल्या पेरावर कणीस धरते आणि त्याच्या टोकातून रेशमासारखे केस बाहेर पडतात. कणसातील प्रत्येक भावी दाण्याचा स्वतंत्र केस असतो, आणि त्या केसावर परागकण पडून त्याची नळी केसाच्या आतून थेट दाण्यापर्यंत उतरल्याखेरीज तो दाणा भरत नाही. चार-पाचशे दाण्यांचे कणीस म्हणजे चार-पाचशे निरनिराळे विवाह, आणि त्या सर्वांचा मुहूर्त जेमतेम आठवड्याभराचा. पाण्याचा ताण पडला की तुरा बहुधा आपल्या वेळेलाच येतो, परंतु केस मागे राहतात, कारण केसांची वाढ ही जवळजवळ सर्वस्वी पाण्याच्या दाबावर अवलंबून असते. ते बाहेर पडतात तेव्हा पराग उधळून गेलेला असतो. वर उष्माही असेल तर पस्तीस अंशांच्या पुढे परागाचे सामर्थ्यच झपाट्याने क्षीण होते. मग कणसे दिसायला येतात, पण सोलून पाहिली तर टोकाकडून अर्धी बोडकी.

रॉबिन्स आणि डोमिंगो या दोन अमेरिकन संशोधकांनी १९५३ साली जे प्रयोग प्रसिद्ध केले त्यांत तुऱ्याच्या वेळी एक-दोन दिवस पीक कोमेजलेले राहिले तर सुमारे बावीस टक्के, आणि सहा ते आठ दिवस राहिले तर सुमारे निम्मे उत्पन्न जाते, असे आढळून आले. पुढे कितीही पाणी दिले तरी गेलेले परत येत नाही. बाजरीचे तसे नाही. बाजरीला फुटवे येतात, ते मागेपुढे निसवतात, आणि पहिल्या कणसावर संकट आले तर दुसरे-तिसरे काहीतरी भरून देते. मक्याने मात्र आपली सारी पुंजी एकाच तुऱ्यावर लावलेली असते. शंभर दिवसांच्या पिकात शेतकऱ्याचे भवितव्य ठरवणारे दिवस आठ, आणि ते कोणते हे त्याच्या पेरणीच्या तारखेने ठरते.

आता त्या तारखेकडे वळू. नक्षत्रांवर चालणारे आपले शेतीचे पंचांग सूर्याच्या गतीवर बांधलेले असल्यामुळे ते वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच तारखांना येते: जूनच्या सात-आठला मृग, बावीसच्या सुमारास आर्द्रा, जुलैच्या आरंभी पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुढे पुष्याचा म्हातारा, ऑगस्टच्या आरंभी आश्लेषा, मध्यावर मघा. मृगाचा पाऊस चांगला झाला, वापसा आला आणि चाड्यावर मूठ धरली गेली म्हणजे जून संपण्यापूर्वी पेरणी आटोपलेली असे. आज तिफणीच्या जागी बहुधा ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आहे, पण वापसा मात्र ट्रॅक्टरलाही चुकवता आलेला नाही. मृगात एक सर येते, माणसे उतावीळ होतात, पेरून मोकळी होतात, आणि मग पंधरा-वीस दिवस आकाश कोरडे राहते. उगवलेले अंकुर करपतात आणि दुबार पेरणीची पाळी येते, जिच्यात बियाण्याचा आणि पेरणीचा दुसऱ्यांदा झालेला खर्च लहान शेतकऱ्याला बहुधा उसनवारीनेच भागवावा लागतो. शहाणा म्हणतो, थांबू. थांबून पहिल्या जुलैला पेरले तर पन्नास-पंचावन्न दिवसांनी, म्हणजे ऑगस्टच्या वीस ते पंचवीस तारखांच्या सुमारास, मघा नक्षत्रात तुरा येणार. आणि २०२३ सालचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत संपूर्ण भारतातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ज्याने थांबण्याचे शहाणपण केले, त्याचाच मका त्या वर्षी कोरड्या आकाशाखाली तुऱ्यावर आला. मागच्या अनुभवावरून पुढची तारीख ठरवता येणे हाच जिराईत शेतीतला खरा ठेवा, आणि हवामानबदलाने प्रथम हात घातला आहे तो याच ठेव्याला.

दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण अलीकडे प्रत्येक कोरड्या वर्षाचे खापर हवामानबदलावर फोडण्याची एक सोयीस्कर सवय राज्यकर्त्यांना जडली आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दुर्गादेवीचा दुष्काळ दख्खनच्या स्मृतीत अजून आहे. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली, खडी फोडायला गेलेली माणसे आजही गावोगावी भेटतात. नवी गोष्ट आहे ती टंचाई आणि अतिरेक यांचे साहचर्य. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवून दिले. बीडपुरते बोलायचे तर गेल्या काही वर्षांची जंत्रीच पुरेशी बोलकी आहे. २०१२ चा दुष्काळ. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडाभर झोडपणारी गारपीट. लागोपाठ २०१४ आणि २०१५ चे कोरडे पावसाळे, ज्यांच्या अखेरीस केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण आटले आणि त्या धरणावर विसंबलेल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. २०१८ चा पुन्हा दुष्काळ. आणि मग २०२१ च्या सप्टेंबरअखेर गुलाब चक्रीवादळाच्या अवशेषांनी असा पाऊस पाडला की त्याच मांजरा धरणाचे दरवाजे उघडून नदीकाठची शेते पाण्याखाली घालावी लागली. २०२५ च्या सप्टेंबरात सीना, सिंदफणा आणि मांजरा यांच्या काठांनी पुन्हा तेच पाहिले. एका हंगामात दोन्ही संकटे येऊ शकतात, येतात, आणि मका दोन्हींना सारखाच भितो: उगवणीनंतरच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत त्याचा वाढीचा कोंब जमिनीखालीच असतो, त्यामुळे तेव्हा दोन-चार दिवस पाणी साचले तरी रोप पिवळे पडून मरते, आणि काढणीच्या वेळी ओल राहिली तर उभ्या ताटावरच्या कणसांना कोंब फुटतात, बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिनसारखे विष तयार होते.

या आसमानी संकटांत एक परदेशी पाहुणीही येऊन मिळाली. अमेरिका खंडातील लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत, २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली, आणि मक्याच्या पोंग्यात शिरून आतली कोवळी पाने खाण्याचा तिने सपाटा लावला. एक मादी हजाराच्या वर अंडी घालते, पतंग वाऱ्यावर एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो, आणि उबदार हवेत महिन्याभरात एक पिढी पुरी होते. जोराच्या सरीने पोंग्यातल्या लहान अळ्या बुडून मरतात. पावसाचा खंड पडला की तिचे फावते. म्हणजे ज्या वर्षी आभाळ रुसते त्याच वर्षी फवारणीचा खर्च वाढतो. पोंग्यात माती किंवा वाळू टाकण्याचा, निंबोळी अर्काचा उपाय लहान शेतकरी करतो. तो वेळेवर केला तर निष्फळ नाही, पण त्याला माणसांचे हात लागतात.

मग माणसे हा मका पेरतात तरी का? या प्रश्नाचे उत्तर शेतीशास्त्राच्या ग्रंथांत धान्याच्या उत्पादकतेखाली शोधले तर सापडणार नाही. ते गोठ्यात सापडते. ज्वारीचे पीक पाण्याअभावी खुरटले तर त्याच्या कोवळ्या धाटांत प्रुसिक आम्ल साठते आणि ते खाल्लेले जनावर फुगून, तडफडून मरते. त्याला आपले शेतकरी किराळ लागणे म्हणतात, आणि जळत्या ज्वारीत गुरे न सोडण्याची शिस्त त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सोयाबीन आणि कापूस फसले तर जनावराच्या तोंडी घालण्यासारखे जवळजवळ काहीच उरत नाही. मका मात्र गुडघ्याएवढा असताना फसला, छातीएवढा असताना फसला, तुऱ्यात येऊन फसला, तरी तो थोडी सावधगिरी बाळगून, म्हणजे फार नत्र दिलेल्या पिकाचे बुडखे टाळून, कापता येतो आणि चारता येतो. धान्य गेले तरी वैरण राहते, वैरण राहिली म्हणजे दूध राहते, आणि दुधाचा पैसा दहा दिवसांनी हातात पडतो, जो कापसाच्या पैशासारखा वर्षातून एकदाच येणारा नसतो. मक्याचे धान्य करायचे की चारा, हा निर्णय पेरताना घ्यावा लागत नाही. तो तुरा येईपर्यंत, कणीस चिकात येईपर्यंत लांबणीवर टाकता येतो. हवामानाचे अनुमान करणे अशक्य होत चालले असताना निर्णय लांबणीवर टाकण्याची मुभा ही फार मोठी दौलत आहे, आणि माझ्या मते बीडच्या लहान शेतकऱ्याने मका जवळ केला तो या मुभेसाठी.

ही मुभा अधिक भक्कम केली ती मुरघासाने. चिकातले कणीस धरलेले हिरवे ताट बारीक कुटून, हवा निघेल असे तुडवून, खड्ड्यात किंवा प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत बंद केले की महिन्या-दीड महिन्यात ते आंबून तयार होते आणि पुढे उन्हाळाभर पुरते. २०१८-१९ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक चारा छावण्या ज्या जिल्ह्यांत उघडाव्या लागल्या त्यांत बीड अग्रभागी होता. माणसे जनावरांसह महिनोन्‌महिने छावणीत राहिली, संसार दोन ठिकाणी विभागले गेले. छावणीच्या दारात दावणीला बांधलेले जनावर म्हणजे सरकारच्या खर्चाने केलेले विलंबित अनुकूलन. मुरघासाची पिशवी म्हणजे तेच काम घरच्या घरी, सहा महिने अगोदर. तरी या उपायाचीही एक मर्यादा आहे, आणि तिचा उल्लेख अनुकूलनाच्या उत्साही वृत्तांतांत सहसा नसतो: कुट्टीयंत्र, पिशवी, मजुरी यांना आगाऊ पैसा लागतो, आणि दोन-चार दुभती जनावरे दावणीला असल्याशिवाय हा व्यवहार उभाच राहत नाही. ज्याच्याकडे एक शेळी आहे त्याला ही सारी चर्चा परक्याच्या घरची आहे.

अशा माणसाचे अनुकूलन कोयता हे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायकोची जोडी, जिलाच व्यवहारात एक कोयता म्हणतात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघते आणि मार्च-एप्रिलमध्ये परतते. बीडची ही ऊसतोड जगजाहीर आहे. तिच्यातील शोषण, स्त्रियांचे हाल, मुलांच्या शाळेची होणारी आबाळ यांवर स्वतंत्र ग्रंथ होतील. इथे फक्त शेतीशी असलेला तिचा सांधा दाखवायचा आहे. कारखान्याच्या हंगामाने शेताचे वेळापत्रक बांधून टाकले आहे: जे पीक ऑक्टोबरात मोकळे होईल तेच या कुटुंबाला परवडते, आणि शंभर दिवसांचा मका त्या चौकटीत नीट बसतो. पण परतीचा पाऊस ऑक्टोबरात रेंगाळू लागला की कणसे शेतात ओली, मुकादमाची गाडी दारात, आणि घरात मागे राहणार ते म्हातारे आईबाप. बैल असतील तर ते गाडीबरोबर जातात आणि सहा महिने उसाच्या वाढ्यांवर जगतात. अवर्षणग्रस्त जिल्ह्यातील माणसांनी आपली जनावरे जगवण्यासाठी बागायती मुलखातल्या उसाचे शेंडे गाठावेत, आणि स्वतःच्या जिल्ह्यातले धरणाचे पाणीही पुष्कळसे उसालाच जावे, ही विसंगती आपण इतकी वर्षे पाहत आलो आहोत की ती आता विसंगती वाटेनाशी झाली आहे.

पाण्याची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांनी सांगितली आहे. बीड शहराजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीत सलाबतखानाच्या अमदानीत बांधली गेली. तिचे पाणी जमिनीखालच्या पाटाने, मोटेवाचून, केवळ उताराच्या बळावर बलगुजारच्या शेतांना मिळत असे. भूमी नीट वाचता आली तर या खडकातूनही पाणी मिळते, याचा हा जुना दस्तऐवज आहे. १९७२ नंतर रोजगार हमीवर पाझर तलाव झाले. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावोगावच्या जलसंधारण स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी निवडलेल्या तीन तालुक्यांत अंबाजोगाई होता, आणि गावकऱ्यांनी उन्हातान्हात श्रमदान करून चर खणले. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही बीड आहे. मक्याच्या दृष्टीने या साऱ्या खटाटोपाचा अर्थ एवढाच की तुऱ्याच्या आठवड्यात एक संरक्षित पाणी देता आले पाहिजे. एकच, पण त्याच आठवड्यात. शेततळे त्यासाठीच आहे, आणि पावसाच्या वाहत्या पाण्याने भरलेले शेततळे ते काम उत्तम करते. परंतु पुष्कळ शेततळी प्लास्टिक अंथरून बोअरवेलच्या पाण्याने भरली जातात, आणि मग ती पाणी साठवण्याचे साधन न राहता शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी आपल्या ताळेबंदात वर्ग करण्याचे साधन होतात. याला अनुकूलन म्हणण्यास मी तयार नाही. त्यापेक्षा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पुरस्कारलेली रुंद वरंबा-सरीची पद्धत गरिबाला अधिक जवळची आहे: वरंब्यावर पीक, दोन्ही बाजूंना सरी, पाऊस थोडा पडला तर सरी ओल मुरवते, फार पडला तर तीच सरी पाणी बाहेर काढते. एकाच युक्तीने दोन्ही संकटांना तोंड देणारा असा उपाय विरळा.

बियाण्याच्या बाबतीत हैदराबादेजवळ पटणचेरू येथे आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन केंद्राची आशियाई शाखा उष्णतासहिष्णू वाणांवर गेली दहा-बारा वर्षे काम करीत आहे. त्या कामाची निकड किती, हे आफ्रिकेतील वीस हजारांहून अधिक प्रयोगक्षेत्रांच्या माहितीवरून डेव्हिड लोबेल व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले: तीस अंशांच्या वरचा प्रत्येक अंशदिन (म्हणजे एक दिवसभर एक अंश अधिक उष्मा) पाणी पुरेसे असताना उत्पन्नातून एक टक्का, आणि दुष्काळात १.७ टक्के वजा करतो. उष्णता आणि तहान एकत्र आल्या म्हणजे दोघींची बेरीज होत नाही, त्याहून अधिक होते. परंतु संकरित बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते, आणि दुबार पेरणीच्या वर्षी दोनदा.

बाजाराविषयी दोन शब्द. २०२४ पासून इथेनॉलच्या कारखान्यांकडून मक्याला मागणी वाढली; २०२५-२६ साठी आधारभूत किंमत क्विंटलला २४०० रुपये होती. पण खरेदीच्या निकषात ओलावा चौदा टक्क्यांच्या आत असावा लागतो, आणि भिजलेल्या ऑक्टोबरात, खळे नसलेल्या, ताडपत्री एकच असलेल्या घरातला मका त्या निकषाला उतरत नाही. तो व्यापाऱ्याच्या मापाने आणि व्यापाऱ्याच्या भावाने जातो.

राहता राहिले सरकारचे दप्तर. जुन्या अमलात आणेवारी होती: सोळा आणे पिकाच्या मानाने यंदा किती आणे आले हे नजरपाहणीने ठरे. पुढे तिची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांच्या आतले गाव टंचाईचे मानले जाऊ लागले. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने नजरेच्या जागी पर्जन्यतूट, पावसाचा खंड, उपग्रहाने टिपलेली हिरवाई आणि जमिनीतील ओल ही मापे आणली. महावेध प्रकल्पाने महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. ही प्रगतीच आहे, आणि तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. परंतु मापे सुधारली तरी त्यांच्यामागची कल्पना जुनीच राहिली, की संकट हे लांबी-रुंदीने मोजावे. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला तर अतिवृष्टी. मग साठ मिलिमीटर एका तासात कोसळून रोपांसकट माती वाहून गेली तरी ती अतिवृष्टी नव्हे. पीकविम्यात हंगामाच्या मध्यावर आगाऊ भरपाई मिळण्यासाठी महाराष्ट्रात पावसाचा २१ दिवसांचा खंड धरला जाई. कापसाला, तुरीला ही अट कदाचित न्याय्य असेल, कारण ती पिके खंड सोसून पुन्हा उभी राहतात. मक्याचे आठ दिवस तुऱ्यात सापडले तर उरलेले तेरा मोजण्याचे काही कारणच राहत नाही. आणि २०२५ च्या खरिपापासून राज्याने ही मधली पायरीही काढून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर सोपवली आहे, ज्यात मंडळातील धान्याच्या सरासरी उताऱ्याचा हिशेब होतो. ज्याने वेळीच ओळखून मका हिरवा कापला आणि आपली गुरे वाचवली, त्याच्या शहाणपणाला त्या हिशेबात रकाना नाही.

वास्तविक तुऱ्याचे हे आठ दिवस मोजण्यासाठी लागणारी सामग्री सरकारपाशी आहे. २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या गटातील पीक आणि त्याच्या लागवडीची तारीख मोबाइलवरून स्वतः नोंदवतो. मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद रोजच्या रोज होते. लागवडीच्या तारखेत पन्नास दिवस मिळवून पुढच्या पंधरवड्याचा पाऊस वेगळा काढणे हे तहसिलीतल्या एका कारकुनाला एका दुपारी होण्यासारखे काम आहे. निदान आष्टी, पाटोदा आणि शिरूर कासार या तीन तालुक्यांपुरते तरी ते येत्या खरिपात करून पाहावे.